युरोपियन कप आणि चॅम्पियन्स लीग: ट्रॉफी एकच, भानगड वेगळी

"रियाल माद्रिदच्या १५ युरोपियन कपांमधले ६ सोडून द्या, ते ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातले, तेव्हा समोर होतं कोण?" फुटबॉलवर चार लोक बोलायला बसले की अर्ध्या तासात हे येतंच. मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी उसळतो, अरे उलट तेव्हाच खरी स्पर्धा होती, चॅम्पियन असशील तरच आत, आता चौथा नंबर आला तरी चॅम्पियन्स लीग, नाव बदला आधी. आणि दोघंही तावातावाने भांडतात आणि दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर असतं, कारण एक मोजतोय जिंकायला काय लागतं ते आणि दुसरा मोजतोय आत शिरायला काय लागतं ते.

तर आधी सरळ माहिती. युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या देशोदेशीच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा, १९५५-५६ ला सुरू झाला. १९९२-९३ पासून त्याचं नाव चॅम्पियन्स लीग. युरोपच्या फुटबॉलची संघटना युएफा दोन्ही एकाच यादीत मोजते, म्हणून रियालचे १५ (६ जुने, ९ नवे), मिलानचे ७ (४ आणि ३), लिव्हरपूलचे ६ (४ आणि २), बार्साचे (बार्सिलोनाचे) ५ (१ आणि ४). ट्रॉफीही १९६७ पासून तीच, कानवाली. त्यामुळे आकडा वाचला की वाटतं एकच स्पर्धा आहे, फक्त नाव आणि गाणं बदललं. तसं नाहीये. आणि नेमकं १९९२ ला एका रात्रीत सगळं बदललं असंही नाहीये, १९९१-९२ लाच, जेव्हा नाव अजून युरोपियन कपच होतं, शेवटच्या आठ टीमचे दोन ग्रुप करून साखळी खेळवली होती. आणि नाव चॅम्पियन्स लीग झाल्यावरही पहिली काही वर्षं आत फक्त चॅम्पियनच होते, रनर-अपना दार उघडलं १९९७-९८ ला. १९९९-२००० पासून टीम ३२ झाल्या आणि मोठ्या देशांच्या चार-चार टीम यायला लागल्या. म्हणजे १९९२ ही रेघ आपण सोयीसाठी मारतो, खरा बदल सात-आठ वर्षं चालला होता. (इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगही १९९२ चीच, त्यामुळे काही जणांच्या मते फुटबॉलचा शोधच १९९२ ला लागला.)

जुन्या कपात काय होतं ते बघा. प्रत्येक देशाचा एक चॅम्पियन, आणि गेल्या वर्षीचा विजेता, बास. पहिल्याच सीझनला मात्र हे इतकं कडक नव्हतं, स्कॉटलंडची हिबर्नियन लीगमध्ये पाचवी येऊनही निमंत्रणावर खेळली, आणि इंग्लंडची चॅम्पियन चेल्सी आपल्याच लीगच्या दबावामुळे गेलीच नाही. पण ते लवकरच ताळ्यावर आलं. पहिल्या फेरीपासून नॉकआउट, एक मॅच घरी, एक बाहेर, हरलात की पुढच्या वर्षी पुन्हा लीग जिंका मगच भेटा.

यातली खरी गोम सोडतीत होती. पुढे ग्रुपच्या काळात जशी मोठ्या क्लबांना सुरुवातीला एकमेकांपासून लांब ठेवायची सोय झाली तशी तेव्हा फारशी नव्हती. १९७८ घ्या. लिव्हरपूल सलग दोनदा कप जिंकून बसलेली, विजेती म्हणून आत. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, जी दोन सीझन आधी सेकंड डिव्हिजनमध्ये होती आणि वर आल्या आल्या लीग जिंकली, ती इंग्लंडची चॅम्पियन म्हणून आत. अख्ख्या युरोपातून चिठ्ठ्या काढल्या आणि पहिल्याच फेरीत या दोघींना समोरासमोर आणलं. फॉरेस्टच्या मैदानावर २-० , बर्टल्स आणि बॅरेटचे गोल, आणि लिव्हरपूलच्या घरी अ‍ॅनफिल्डला ०-०. सप्टेंबर संपायच्या आत युरोपचा राजा घरी. आज असं काही झालं तर किती दिवस गोंधळ चालेल विचार करा. फॉरेस्टने मग तो कप जिंकला, पुढच्या वर्षीही जिंकला, आणि आजही त्यांच्याकडे लीग टायटल एक आणि युरोपियन कप दोन आहेत.

दुसरं उदाहरण मॅराडोनाचं, आणि हे मला जास्त लागतं. १९८७ ला नापोली पहिल्यांदा इटलीची चॅम्पियन झाली, मॅराडोना फुल फॉर्मात, आदल्या वर्षीच वर्ल्ड कप नेलेला. पहिल्या फेरीत कोण? रियाल माद्रिद. रियालच्या बर्नाबेऊ मैदानावर प्रेक्षकांना बंदी होती, रिकाम्या स्टँडसमोर नापोली २-० हरली, मग घरी १-१, झालं, संपलं. मॅराडोना त्यानंतर अजून एकदाच, १९९०-९१ ला, या स्पर्धेत खेळला आणि दुसऱ्या फेरीत स्पार्टाक मॉस्कोकडून पेनल्टीवर बाहेर. करिअरमध्ये युरोपियन कपचे दोनच सीझन, आणि दोन्ही वेळा कमनशिबी सोडत किंवा पेनल्टी. म्हणून कोणी जेव्हा म्हणतं "मॅराडोनाने चॅम्पियन्स लीग कुठे जिंकली" तेव्हा मला हसायला पण येतं आणि रागही येतो. आजच्या पद्धतीत ती नापोली लीग फेजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या साखळीत, रियालकडून हरली असती आणि पुढच्या मॅचला निवांत उतरली असती. इटलीतल्या मोठ्या क्लबांना, विशेषतः मिलानच्या मालकाला बर्लुस्कोनीला, हेच खुपत होतं, की एवढा पैसा ओतायचा आणि सप्टेंबरमध्ये दोन मॅचमध्ये सगळा खेळ खल्लास. ग्रुपची कल्पना तिथून जोर धरत गेली. म्हणजे ग्रुप स्टेज हा मोठ्या क्लबांचा विमा आहे, हे मी टोमणा म्हणून नाही सांगत, त्याचा उद्देशच तो होता.

पण आता जुन्याचं कौतुक करणाऱ्यांना पण जरा थांबवतो. त्याच जुन्या कपात समोर कधीकधी अगदीच लिंबूटिंबू यायचे. १९६९-७० ची हॉलंडची फेयेनूर्ड, पहिल्या फेरीत आइसलंडच्या केआर रेक्याविकवर एका मॅचमध्ये १२-२. बारा. आणि त्याच फेयेनूर्डला दुसऱ्या फेरीत गतविजेती मिलान, तिथे बाहेर ०-१ हरले आणि घरी २-० जिंकून पुढे गेले, आणि शेवटी कपही घेतला. एका फेरीत पोरांशी खेळ आणि पुढच्या फेरीत थेट युरोपच्या चॅम्पियनशी. खालीवर इतकं होतं की "जुना कप सोपा" आणि "जुना कप अवघड" हे दोन्ही त्याच एका टीमच्या एकाच सीझनवरून सिद्ध करता येतं.

आणि हॉलंडचीच पीएसव्ही, १९८८! क्वार्टर फायनलपासून पुढे एकही मॅच जिंकली नाही. बोर्दोशी १-१, ०-०. रियालशी १-१, ०-०. दोन्हीकडे बाहेर मारलेला एक गोल कामी आला, कारण एकूण बरोबरी झाली की तेव्हा बाहेरचे गोल जास्त धरायचे. फायनल बेनफिकाशी ०-०, पेनल्टीवर ६-५. अख्ख्या सीझनमध्ये ९ मॅच, ३ विजय, आणि युरोपचे चॅम्पियन. नियमात बसून जिंकले, त्यात खोट काही नाही, पण "तेव्हा फुटबॉल किती खुला होता" म्हणणाऱ्या काकांना या पाच मॅच सलग बसून बघायला लावा एकदा.

आता नवीन बाजू. चॅम्पियन्स लीगचं सगळ्यात गमतीशीर पान म्हणजे १९९९ ची फायनल, बार्सिलोना शहरात झालेली ती, शेरिंगहॅम आणि सोल्शारचे इंजुरी टाइममधले दोन गोल, मँचेस्टर युनायटेड २, जर्मनीची बायर्न १. ती मॅच सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दोघींपैकी कोणीही आदल्या सीझनची चॅम्पियन नव्हती. १९९७-९८ ला इंग्लंडमध्ये आर्सेनल जिंकलेली, जर्मनीत कायझर्सलाउटर्न. म्हणजे जुना नियम असता तर ती फायनल झालीच नसती, युनायटेडचं ट्रेबल (एकाच सीझनमध्ये लीग, देशातला कप आणि हा कप) नाही, काही नाही. २००५ ची लिव्हरपूल तर त्याहून पुढे, आदल्या लीगमध्ये चौथी, आर्सेनलच्या ३० पॉइंट मागे, आणि इस्तंबूलला मिलानविरुद्ध ०-३ वरून कप घेऊन आली.

आणि रियालचं म्हणाल तर हे जरा निवांत बसून तपासा. नव्या जमान्यातले त्यांचे ९. त्यातल्या फक्त तीन वेळा ते आदल्या सीझनचे स्पेनचे चॅम्पियन म्हणून आत आले होते: १९९८, २००२ आणि २०१८. बाकी सहा वेळा आदल्या लीगमध्ये दुसरे. २०१४ चा तो रामोसचा ९३व्या मिनिटाचा हेडर, २०२२ च्या त्या अशक्य कमबॅकवाल्या रात्री, २०२४, या तिन्ही वर्षी जुन्या नियमाने रियाल घरी टीव्हीसमोर. याउलट ते जे ६ "सोपे" म्हणून आपण उडवून लावतो, त्यातल्या प्रत्येकाला एकतर लीग जिंकून किंवा आदल्या वर्षीचा कप जिंकून तिकीट काढावं लागलं होतं. दार अरुंद होतं, आतली खोली कधी रिकामी कधी भरलेली. आता दार रुंद आहे आणि खोली शेवटी शेवटी गच्च भरते.

गच्च भरते म्हणजे काय ते सांगतो, कारण इथे नवीन बाजूचं पारडं खरंच जड आहे. जुन्या काळात चांगले खेळाडू देशोदेशी विखुरलेले असायचे. १९६७ ची स्कॉटलंडची सेल्टिक, लिस्बनला इटलीच्या इंटरला २-१ हरवणारी, त्यातले सगळेच्या सगळे ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या आतले. १९८६ ला स्टेआउआ बुखारेस्ट, १९९१ ला रेड स्टार बेलग्रेड, युरोपच्या पूर्वेकडचे क्लब जिंकत होते कारण त्यांची पोरं त्यांच्याकडेच होती. आणि परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती. ही मर्यादा किती विचित्र होती त्याचा नमुना: नोव्हेंबर १९९४, मँचेस्टर युनायटेड बार्साच्या मैदानावर, आणि गोलकीपर शमायकेल फिट असूनही बाहेर, कारण त्या नियमात स्कॉटिश, वेल्श सगळे परदेशी धरायचे आणि कोटा भरला होता. ४-० हरले. वर्षभराने, १५ डिसेंबर १९९५ ला, बेल्जियमच्या बोस्मन या खेळाडूच्या खटल्यात युरोपियन कोर्टाचा निकाल आला आणि युरोपियन युनियनच्या खेळाडूंवरचा हा कोटा गेला, करार संपला की क्लब बदलायला फीसुद्धा नाही. त्याच वर्षी कप जिंकलेली हॉलंडची आयॅक्स पुढच्या दोन वर्षांत विरघळली, डाव्हिड्स, रायझिगर, मग क्लाउव्हर्ट, तिघंही मिलानला.

त्यानंतर काय झालं ते विजेत्यांच्या यादीत दिसतंच. १९९६ पासून २०२५ पर्यंत इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी, फ्रान्स या पाच लीगच्या बाहेरचा विजेता एकच, २००४ ची पोर्टो. म्हणून नव्या स्पर्धेत क्वार्टर फायनलनंतर सोपा पेपर जवळपास येतच नाही. कप राखणं पण बघा, जुन्या जमान्यात रियाल, बेनफिका, इंटर, आयॅक्स, बायर्न, लिव्हरपूल, फॉरेस्ट, मिलान, आठ क्लबांनी सलग दोन किंवा जास्त वेळा जिंकला. चॅम्पियन्स लीग झाल्यापासून २०२५ पर्यंत हे जमलं एकट्या रियालला, २०१६ ते १८. त्यामुळे ते तीन सलग मला ५६ ते ६० च्या पाच सलगांपेक्षा अवघड वाटतात, आणि हे मी रियालचा फॅन नसताना म्हणतोय. पण ते तीन सुरू होण्यासाठी आधी दुसऱ्या नंबरवाल्याला दार उघडावं लागलं, हेही त्याच दमात मान्य करायला हवं.

गोलांच्या रेकॉर्डचं पण हेच. रोनाल्डो १४०, मेस्सी १२९, आणि खाली जुन्या रियालचा डी स्टेफानो ४९. मग लोक म्हणतात, बघा, कुठे १४० कुठे ४९. अरे पण रोनाल्डोच्या मॅच १८३, डी स्टेफानोच्या ५८. बायर्नचा गेर्ड म्युलर तर ३५ मॅचमध्ये ३४. आकडा गोल मारायच्या ताकदीइतकाच मॅच किती मिळाल्या ते पण सांगतो, आणि मॅच किती मिळाल्या हे फॉरमॅट ठरवतो. उलट बाजूने डी स्टेफानोची सरासरी जास्त म्हणून तो मोठा असंही लगेच म्हणू नका, वर ते १२-२ वाचलंत ना.

हल्ली तर २०२४-२५ पासून ग्रुपही गेले, ३६ टीमची एकच लांबलचक लीग, प्रत्येकी ८ मॅच, पहिले ८ थेट पुढे, ९ ते २४ प्लेऑफ. या पहिल्याच सीझनची विजेती पॅरिसची पीएसजी बघा. आठातल्या तीन हरली, १५वी आली. पुढे लिव्हरपूलकडून घरच्या मैदानावर हरली, इंग्लंडच्या अॅस्टन व्हिलाकडून बाहेर हरली, म्हणजे एकूण १७ मॅच, ५ पराभव, आणि फायनलला इंटरला ५-० धुतलं. फॉरेस्टने १९७९ ला ९ मॅच खेळल्या आणि एकही हरली नाही. दोन्ही टीमच्या नावापुढे त्या यादीत तीच एक ओळ.

आणि त्या लांबलचक लीगमध्ये पहिली कोण आली होती? लिव्हरपूल, आठपैकी सात जिंकून. प्लेऑफनंतरच्या पहिल्याच फेरीत समोर १५वी आलेली पीएसजी, पॅरिसला १-० जिंकूनही अ‍ॅनफिल्डला तेवढ्यानेच हरले आणि पेनल्टीवर बाहेर. १९७८ ला पण त्यांना बाहेर काढणारी रात्र अ‍ॅनफिल्डलाच होती, फरक एवढाच की तेव्हा दोन मॅच खेळून बाहेर गेले, आता दहा.