‘ल’मागे लपलेला ‘ळ’

‘आपल्याला हिंदी कळते, त्यांना मराठी कळत नाही, म्हणजे मराठीच अवघड!’ हे संभाजीनगरात कुणीही ठासून सांगतं. संगणकाचं मॉडेल मात्र, निदान काही ध्वनींपुरतं, नेमकं उलट सांगतं.

शब्दांमधलं अंतर मोजायचं जुनं माप लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाचं, 1965 सालचं. एका शब्दाचा दुसरा करायला किती ध्वनी बदलावे, घालावे किंवा गाळावे लागतात, ते मोजायचं. ‘पानी’चं ‘पाणी’ करताना चारांतला एक बदलतो, अंतर पाव. पण इकडून मोजा की तिकडून, उत्तर तेच. डेन्मार्कच्या माणसाला स्वीडिश जितकी समजते, तितकी स्वीडनवाल्याला डेनिश समजत नाही. हे या मापात बसतच नाही.

तिथे माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांची एन्ट्रॉपी कामाला येते. समोरच्याचा ध्वनी ऐकल्यावर आपल्या भाषेतला त्याचा जोडीदार ओळखताना किती अनिश्चितता उरते, ते ती बिटमध्ये सांगते; एक बिट म्हणजे हो-नाहीच्या एका प्रश्नाएवढी अनिश्चितता. थाळी, डाळ, होळी: मराठी ‘ळ’ ऐकला की हिंदीवाल्याने ‘ल’ धरावा, बहुतेक वेळा काम झालं. अनिश्चितता शून्याजवळ. आता आपण हिंदी ऐकतोय. ‘फल’चं फळ होतं, ‘फूल’ मात्र फूलच राहतं. ‘काला’चा काळा, पण ‘गाल’ गालच. ‘ल’ आणि ‘ळ’ची प्रत्येक शक्यता तिच्या, 2 हा पाया धरलेल्या, लॉगॅरिदमने गुणायची, बेरीज करायची, चिन्ह उलटवायचं. शक्यता निम्म्या-निम्म्या असतील तर पूर्ण एक बिट. तीनास एक असतील तर 0.81. शब्दारंभी ‘ळ’ येत नाही, म्हणून ‘लोहा’ ऐकताना हा आकडा शून्य. म्हणजे मॉडेलला ध्वनीची जागाही सांगावी लागते. ‘न’ आणि ‘ण’चंही तेच: पानी-पाणी, पण कान-कान.

 

मग हिंदी आपल्याला इतकी कळते कशी? सिनेमा, शाळा, शहागंजातली दखनी, म्हणजे इथली उर्दू बोली. 1948पर्यंत तर इथल्या कचेऱ्यांचा कारभारही उर्दूत चाले. दखनीनेही मराठीचा ‘च’ उचलला: ‘वोइच’, ‘ऐसाइच’. कानावरचे हे संस्कार एन्ट्रॉपीत धरलेलेच नसतात. ते वगळून खरी परीक्षा घ्यायची तर वाळूजच्या कारखान्यात कालच उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला सुटे मराठी शब्द ऐकवावेत. उलट बाजूसाठी हिंदी कधीच न ऐकलेला मराठी माणूस लागेल, आणि तो आता मराठवाड्यात शोधूनही सापडायचा नाही.