भिंतीपलीकडचा त्रास: सरकारी घरांतल्या शेजारतक्रारींची पार्श्वभूमी

तारीख. वेळ. आवाज कसला होता. किती वेळ चालला. तुमच्यावर काय परिणाम झाला. ब्रिटनमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरात राहणाऱ्यानं शेजाऱ्याबद्दल तक्रार केली, की बहुतेक वेळा त्याच्या हाती असल्या रकान्यांचा कागद पडतो. आठवडेच्या आठवडे तो भरत राहायचा. झोप उडालेल्या माणसानं रात्री दोनला दिवा लावून 'वरून धपधप, ४० मिनिटं' असं लिहायचं आणि सकाळी कामावर जायचं. पुराव्याचं हे ओझं तक्रारदाराच्याच डोक्यावर कसं येऊन बसलं, याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सरकारी घराची गोष्टच वेगळी. शेजार पटला नाही म्हणून उठून दुसरीकडे जाता येत नाही. हे घरच मुळात प्रतीक्षायादीत वर्षं काढून मिळालेलं असतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचीही तीच अवस्था; हे घर गेलं तर दुसरं कुठलं? आणि घरमालक दोघांचा एकच. त्यामुळे भांडण दोन कुटुंबांत सुरू झालं तरी त्याचा निवाडा शेवटी घर देणाऱ्याच्या दारात येतो.

काउन्सिलची घरं येण्याआधीची एक पद्धत इथे महत्त्वाची आहे. समाजसेविका ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ मध्ये लंडनच्या मॅरिलबोन भागात, लेखक जॉन रस्किन यांच्या पैशातून घेतलेली पडकी घरं चालवायला घेतली. दर आठवड्याला भाडं घ्यायला बाई स्वतः दारात यायची. त्या निमित्तानं गळकं छप्पर दिसायचं, जिन्यातली घाण दिसायची, कोण कुणाशी भांडतंय तेही कळायचं. तक्रार लिहून द्यायची गरजच नव्हती. पण त्याच बाईच्या हातात घर काढून घेण्याची ताकदही होती, आणि भाडेकरूच्या चालचलणुकीवर तिची कडक नजर असे. आपुलकी आणि पाळत एकाच पावलांनी दारात येत होती.

१८९० च्या कायद्यानंतर स्थानिक संस्था मोठ्या प्रमाणावर घरं बांधू लागल्या. लंडनमधली बाउंड्री इस्टेट ही वसाहत १९०० मध्ये खुली झाली, १९१९ च्या ॲडिसन कायद्यानं या कामाला सरकारी पैशाचं बळ मिळालं. घरं हजारोंनी वाढली तशी दारोदारची ओळख विरळ झाली. १९८० पर्यंत काउन्सिलच्या भाडेकरूला कायद्याचं फारसं संरक्षण नव्हतं. काउन्सिलनं नोटीस दिली की घर सोडायचं. कारण सिद्ध करण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. पूर्वी शिस्त होती असं ज्येष्ठ मंडळी सांगतात, ते खोटं नाही. पण त्या शिस्तीमागे ही धास्तीही होती, हे विसरून चालणार नाही.

नेदरलँड्सनं याच काळात जे केलं ते अंगावर येतं. ॲमस्टरडॅममध्ये १९२० च्या दशकात 'शेजारात ठेवता न येणाऱ्या' कुटुंबांसाठी झेबुर्गरडोर्प आणि ॲस्टरडोर्प या वेगळ्या वसाहती बांधल्या गेल्या. तिथे देखरेखीखाली राहून 'सुधारलं' की साध्या घरात जाता येईल, ही कल्पना. ॲस्टरडोर्पला तर भोवती भिंत आणि आत शिरायला एक वेस होती. तिथला पत्ता सांगितला की माणसाची किंमत ठरत असे.

ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्यानं भाडेकरूला स्थैर्य दिलं. आता घर काढून घ्यायचं तर न्यायालयात जायचं आणि 'शेजाऱ्यांना उपद्रव' यासारखं ठरलेलं कारण सिद्ध करायचं. हे योग्यच झालं. फक्त सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा कुणाकडे? ज्याची झोप मोडते त्याच्याकडे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या कागदाचं वजन वाढलं ते इथून.

त्याच कायद्यानं भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. ज्यांना परवडलं त्यांनी घेतलं. उरलेल्या घरांत हळूहळू सगळ्यांत गरजू माणसं एकवटली. पुढे मोठी मनोरुग्णालयं बंद होत गेली, तसे एकटे राहणारे आजारी लोकही याच इमारतींत आले. मदतीची गरज वाढली, मदत मात्र त्या प्रमाणात आली नाही. शेजाऱ्यांना दिसला तो फक्त आरडाओरडा.

राजकारणानं यावर काढलेला उपाय म्हणजे बडगा. १९९६ च्या कायद्यानं नव्या भाडेकरूसाठी एक वर्षाची परीक्षा ठेवण्याची मुभा काउन्सिलना दिली. १९९८ च्या कायद्यानं 'ॲस्बो', म्हणजे समाजविघातक वर्तनाविरुद्धचा आदेश, आणला: आदेश दिवाणी, पण मोडला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. अमेरिका आणखी पुढे गेली. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की घरातल्या माणसानं किंवा पाहुण्यानं अमली पदार्थांचा गुन्हा केला, तर भाडेकरूला त्याची कल्पना नसली तरी सरकारी घर काढून घेता येतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या त्या खटल्यात पंचाहत्तरीतला एक अपंग माणूस होता. कोकेन सापडलं होतं ते त्याची काळजी घेणाऱ्या बाईकडे. हाँगकाँगनं २००३ मध्ये, सार्सच्या साथीनंतर, गुण मोजायची पद्धत आणली: दोन वर्षांत १६ दोषगुण भरले की घर धोक्यात.

एवढे अधिकार हाती असून तक्रारदार सुरक्षित झाला का? ग्लासगोमध्ये जुलै २००१ मध्ये काउन्सिलनं एका भाडेकरूला बोलावून घर जाईल अशी ताकीद दिली. शेजाऱ्याला त्यानं वर्षानुवर्षं धमकावलं होतं. बैठकीची खबर त्या ७२ वर्षांच्या शेजाऱ्याला कुणीच दिली नाही. ताकीद घेऊन घरी आलेल्या माणसानं त्याच दिवशी त्याच्यावर हल्ला केला आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. पूर्वसूचना देण्याचं कायदेशीर बंधन काउन्सिलवर नव्हतं, असा निकाल ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं २००९ मध्ये दिला. कायदा असेल तसा. पण एक फोन करायला हवा होता, असं मला हे प्रकरण वाचताना दर वेळी वाटतं.

याच धामधुमीत स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये १९९० च्या दशकात वेगळी वाट चोखाळली गेली. घर गमावण्याच्या बेतात आलेल्या कुटुंबांसोबत तिथले कार्यकर्ते प्रत्यक्ष काम करू लागले. मुलांची शाळा, दारू, थकलेलं भाडं, सगळं एकत्र हाताळलं. २००६ नंतर इंग्लंडभर असे प्रकल्प निघाले. २०१४ च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समधला ॲस्बो गेला आणि तक्रारदाराच्या हाती एक हत्यार आलं: सहा महिन्यांत तीनदा तक्रार करूनही हालचाल झाली नाही, तर तो प्रकरणाचा फेरआढावा मागू शकतो.

हे सगळं माणसांच्या वागण्याबद्दल झालं. भिंतींचं काय? लंडनच्या सदर्क भागातल्या जुन्या इमारतीतले भाडेकरू १९९९ मध्ये लॉर्ड्सपर्यंत गेले. त्यांची तक्रार कुणाच्या धिंगाण्याची नव्हती. पलीकडचा टीव्ही, रडणारं बाळ, स्वयंपाक, भांडणं, शयनघरातले आवाजसुद्धा त्यांना स्पष्ट ऐकू येत. न्यायाधीशांनी व्यथा मान्य केली, पण शेजाऱ्याचं रोजचं जगणं म्हणजे उपद्रव नव्हे आणि जुनं घर ध्वनिरोधक करून देण्याचं बंधन काउन्सिलवर नाही, असं ठरवलं.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या गृहनिर्माण लोकपालांनी आवाजाच्या तक्रारींवर सविस्तर अहवाल दिला आणि हीच गाठ सोडवायला घेतली. बऱ्याच तक्रारी चालण्याच्या, कपाटाच्या, वॉशिंग मशीनच्या आवाजाच्या असतात. त्यांना समाजविघातक वर्तनाच्या खात्यात घालणं दोन्ही घरांवर अन्याय आहे, असं त्यात म्हटलं आहे. अशा तक्रारींसाठी वेगळं धोरण असावं, मशीनखाली कंपन शोषणारी चटई द्यावी. आणखी एक शिफारस अगदी साधी आहे: भाडेकरू गेला की घर रिकामं करताना जमिनीवरचा चांगला गालिचा उचकटून टाकू नये. कित्येक ठिकाणी तो काढून टाकण्याचीच रीत होती, आणि नवा भाडेकरू उघड्या फरशीवर राहायला आला की खालच्या घरी आवाजाच्या नोंदींचा कागद सुरू व्हायचा.