डोंगराआडची डिश: एका पट्ट्याचे दोन वाटेकरी

स्पेक्ट्रमच्या लिलावाच्या बातम्या वाचून अनेकांचा समज होतो की प्रत्येक वारंवारतेचा सातबारा एकाच मालकाच्या नावावर असतो. मोबाइलपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण ४ आणि ६ गिगाहर्ट्झच्या आसपासचे दोन पट्टे गेली साठ वर्षं सामाईक आहेत. उपग्रह दळणवळण सुरू झालं तेव्हा या पट्ट्यांत टॉवर ते टॉवर जाणाऱ्या मायक्रोवेव्ह लिंक आधीपासून होत्या. १९६३ साली जिनिव्हाच्या परिषदेत ठरलं की कुणाला हुसकावायचं नाही, दोघांनी एकत्र नांदायचं. साधारणपणे ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झवर उपग्रह खाली बोलतो, ५.९२५ ते ६.४२५ वर भूकेंद्र (उपग्रहाशी संपर्क साधणारं जमिनीवरचं केंद्र) वर बोलतं, आणि याच पट्ट्यांत जमिनीवरच्या लिंकही चालतात.

हे जमतं कसं? वेळ वाटून नव्हे, कोन आणि अंतर सांभाळून.

आकडेच मांडू. डेसिबलचा हिशोब सोपा असतो: १० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट, गुणाकाराऐवजी बेरीज करायची. ४ गिगाहर्ट्झवर उपग्रहाची झोतातली ताकद ३६ डेसिबल-वॅट (म्हणजे १ वॅटच्या तुलनेत ३६ डेसिबल) धरू. ३६,००० किलोमीटरच्या प्रवासात १९६ डेसिबल जातात. केबलवाल्याकडे असते तशी ३.७ मीटरची डिश ४२ डेसिबल मिळवून देते. हाती उरतात उणे ११८.

आता ५० किलोमीटरवरच्या डोंगरमाथ्यावर एक लिंक आहे. ट्रान्समीटर जेमतेम १ वॅटचा, पण ३ मीटरच्या अँटेनामुळे झोतातली ताकद ४० डेसिबल-वॅट होते. झोत नेमका आपल्या डिशकडे आहे आणि मध्ये काहीही आड येत नाही, अशी वाईटात वाईट स्थिती घेऊ. ५० किलोमीटरला १३९ डेसिबल जातात. आपली डिश मात्र तिकडे बघतच नाही. पुण्याहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजाच्या जवळपास ६६ अंश वर दिसतो, म्हणजे लिंकचा सिग्नल डिशच्या अक्षापासून ६६ अंश बाजूनं येतो. अशा कडेच्या दिशांसाठी रूढ सूत्र आहे: ३२ वजा कोनाच्या लॉगॅरिथमची २५ पट. ते ४८ अंशांपर्यंत चालतं, पुढे सरसकट उणे १० धरतात. मग ४० वजा १३९ वजा १०, म्हणजे उणे १०९.

घुसखोर सिग्नल हव्या सिग्नलपेक्षा ९ डेसिबल वर, आठपट! चित्र नीट यायचं तर तो निदान २५ डेसिबल खाली हवा. म्हणजे अजून ३४ डेसिबल कुठून तरी आणायचे.

ते डोंगर देतो. डिशपासून २ किलोमीटरवर, दोन्ही अँटेना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या १०० मीटर वर डोंगराची धार असेल, तर लहरींना ती ओलांडताना वाकावं लागतं आणि विवर्तनाच्या सूत्रानं ३४ डेसिबल कमी होतात. धार ५० मीटरच वर असेल तर २८. रेषेला नुसती टेकणारी धारसुद्धा ६ डेसिबल देते. म्हणून भूकेंद्राला उंच जागा नको असते, खोलगट जागा हवी असते. १९७१ मध्ये सुरू झालेलं विक्रम भूकेंद्र मुंबईत न उभारता जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला उभं राहिलं. तिथल्या सुमारे ३० मीटरच्या डिशला भोवतीच्या डोंगरांचा आडोसा होता. जवळच्याच खोडदला पुढे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आली, तीही असाच रेडिओ-गोंगाट टाळत.

इथे एक सांगायलाच हवं. 'डिशमधून रेडिएशन येतं' म्हणून सोसायट्यांमध्ये गच्चीवरच्या डिशना विरोध होतो. ही डिश फक्त घेते. तिच्यात ट्रान्समीटरच नसतो, त्यामुळे त्या भीतीला काडीचाही आधार नाही.

डोंगर मात्र सगळीकडे पुरत नाही. समुद्रावर दमट थराच्या वर उष्ण, कोरडी हवा पसरली की लहरी पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वाकत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत, दीड हजार किलोमीटरहून दुरून! त्यामुळे उपग्रह आणि लिंक यांच्या समन्वयाचं गणित सरासरी हवेवर करत नाहीत. वर्षाच्या ०.०१ टक्के वेळात, म्हणजे सुमारे ५३ मिनिटांत, काय होईल तेही तपासतात.

दुसरी वाट पावसाची, आणि ती तर डोंगराच्या डोक्यावरून येते. लिंकचा झोत आणि डिशचा झोत पावसाळी ढगात एकमेकांना छेदत असतील तर थेंबांवरून विखुरलेली ऊर्जा थेट डिशच्या तोंडात शिरते. इथे उणे १० ची सवलत नाही, पुरे ४२ मिळतात. आपल्याकडे पावसाचे थेंब साधारण ५ किलोमीटर उंचीपर्यंत असतात. ६६ अंशांचा झोत ती उंची सव्वादोन किलोमीटरच्या आडव्या अंतरातच पार करतो, म्हणून धोक्याचा टापू लहान राहतो. उपग्रह १० अंशांवर दिसणाऱ्या उत्तरेकडच्या देशांत तोच टापू २८ किलोमीटर लांब होतो.

६ गिगाहर्ट्झवर गुन्हेगार बदलतो: तिथे भूकेंद्र लिंकला त्रास देऊ शकतं. म्हणून प्रक्षेपण करणारी डिश सहसा ३ अंशांखाली झुकवायची नाही आणि क्षितिजाकडे जाणारी तिची ताकद ठरल्या मर्यादेत ठेवायची, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उलट लिंकवाल्यांनी जास्त ताकदीचा झोत भूस्थिर कक्षेपासून (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एका जागी स्थिर दिसतात) निदान २ अंश दूर ठेवायचा.

आता केबलच्या हेडएंडवर, म्हणजे केबलवाल्याच्या सिग्नल घेणाऱ्या केंद्रावर, चित्र फुटू लागलं तर काय? स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कोणत्या वारंवारतेवर किती ताकद आहे ते आलेखात दाखवणारं यंत्र) लावून डिश उपग्रहावरून थोडी हलवा. हवा सिग्नल पडला आणि आलेखावरचा एखादा उंचवटा तसाच राहिला, तर तो जमिनीवरून येतोय. डिश इमारतीच्या आडोशाला घ्या, किंवा त्या बाजूला जाळी उभारा. जाळीची भोकं ७ मिलिमीटरहून लहान हवीत, म्हणजे लहरीच्या लांबीच्या दहाव्या भागाहून कमी.

पण त्रास ५जीचा असेल तर दुखणं वेगळं. २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला गेला. तो उपग्रहाच्या ३.७ च्या खालीच थांबतो, तरी ३.४ पासून उघडा असलेला एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल वाढवणारा डबा) शेजारच्या टॉवरच्या ताकदीनं संपृक्त होतो, म्हणजे क्षमतेबाहेर भरून जातो, आणि एकदम सगळे चॅनेल जातात. यावर उपाय बँडपास फिल्टरचा (हवा तेवढाच पट्टा आत सोडणारा), आणि तो फीडहॉर्न (डिशनं गोळा केलेला सिग्नल घेणारं नळकांडं) व एलएनबी यांच्या मध्येच बसवायचा, फ्लँजला, म्हणजे जोडाच्या कडेला, गॅस्केट लावून, नाहीतर पहिल्या पावसात आत पाणी. फिल्टरमध्ये अर्धा डेसिबल गेला तरी सुमारे ३० केल्विन गोंगाट वाढतो (रेडिओत गोंगाट तापमानाच्या एककात मोजतात), त्यामुळे काठावर चालणारी लहान डिश मोठी करावी लागते. पैसे वाचवायला काहीजण एलएनबीनंतर केबलमध्ये फिल्टर जोडतात. त्याचा उपयोग शून्य, कारण तिथवर येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरनं सिग्नल आधीच बिघडवलेला असतो.