स्ट्रॉबेरीचं बी, पाणी आणि दिवा

महाबळेश्वर-पाचगणीच्या गादीवाफ्यांवर बियांपासून उगवलेलं स्ट्रॉबेरीचं रोप सहसा सापडणार नाही. परदेशातून मातृरोपं येतात, त्यांना फुटलेले रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे धुमारे, रुजवले जातात आणि पाऊस ओसरला की तीच रोपं शेतात जातात. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ असं रोपातून रोप काढतच वाढलंय. मग घरात दिव्याखाली, मातीविना स्ट्रॉबेरी वाढवणारे बियांच्या मागे का लागतात? याचं उत्तर तीनशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

चौदाव्या लुईने १७१२ मध्ये आमेदे फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला चिली-पेरूच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश तटबंद्या न्याहाळायला पाठवलं. तिथे कोंसेप्सिओनजवळ त्याला अक्रोडाएवढ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. परतीच्या सहा महिन्यांच्या प्रवासात जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं, तरी पाच रोपं जगली आणि १७१४ मध्ये फ्रान्सला पोचली. पण त्याने मोठ्या फळांची रोपं निवडली होती, आणि ती सगळी मादी निघाली. फुलं यायची, फळ धरायचं नाही. पुढे फ्रान्सच्याच ब्रिटनी भागात शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचे पराग मिळाले आणि फळं लागली. त्या फळांच्या बियांतून जे उगवलं, ती आजची स्ट्रॉबेरी. हा संकर आहे हे १७६६ मध्ये आंत्वान दुशेन या एकोणीस वर्षांच्या मुलाने लिहून ठेवलं, तेही जनुक हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी. मला या सगळ्या कथेत त्याचंच कौतुक सर्वांत जास्त वाटतं.

या संकरात गुणसूत्रांचे आठ संच आहेत, एकूण ५६. त्यामुळे बाजारातल्या फळाचं बी पेरलं तर आईसारखं रोप मिळेलच असं नाही. प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून शेतकरी रनरवर विसंबतो. घरी लावणाऱ्यासाठी दोन वाटा उरतात: युरोपातली रानटी अल्पाइन स्ट्रॉबेरी, जिला बहुधा रनर फुटतच नाहीत आणि जी बियांतून बरीचशी तशीच उतरते, किंवा अलीकडच्या दशकांत आलेलं एफ-वन, म्हणजे पहिल्या पिढीचं, संकरित बी. शिवाय रनरबरोबर येणारे बहुतेक विषाणू बियांतून येत नाहीत, हा बंद खोलीत मोठा फायदा. निळ्या स्ट्रॉबेरीचं बी म्हणून ऑनलाइन विकलं जातं ते मात्र घेऊ नका. तसं फळच नाही.

पाण्याची गोष्ट याहून जुनी. १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. बागेची माती कालवलेल्या पाण्यात तो सर्वांत जोमाने वाढला. झाडाला लागणारे क्षार नेमके कोणते, हे १८६०च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी शोधलं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विल्यम गेरिकने १९३७ मध्ये मातीविना, पाण्यातल्या क्षारांवर झाडं वाढवण्यासाठी ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे १९४०च्या दशकात कालिम्पोंगला शोल्टो डग्लसने ‘बेंगाल पद्धत’ बसवली: खडी-वाळूचे वाफे, वरून कोरडं खत, भारी यंत्रं नाहीत.

राहिला दिवा. जुन्या जातींना फुलायला लहान दिवस लागायचे. १९५५ मध्ये युटाच्या डोंगरांतून रॉइस ब्रिंगहर्स्टने आणलेल्या रानटी रोपांमुळे दिवसाच्या लांबीशी बांधून न राहणाऱ्या जाती तयार झाल्या. १९९३ मध्ये जपानमधून प्रखर निळा एलईडी आला आणि लाल-निळ्या प्रकाशाची मांडणी शेल्फवर बसू लागली.

बी राईपेक्षाही बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. पहिल्या खेपेला मी ते कोकोपीटखाली (नारळाच्या काथ्याच्या भुशाखाली) झाकलं. महिना गेला, एकही कोंब नाही. दुसऱ्यांदा ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं, मग नुसतं वर भुरभुरलं. अठराव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढी दोन पानं दिसली. नेट पॉटमध्ये, म्हणजे जाळीदार कुंडीत, हलवताना रोपाचा गड्डा (मुळांच्या वरचा, पानं फुटतात तो भाग) पाण्याच्या वर राहायला हवा, नाहीतर तो कुजतो.

फुलं आली की फ्रेझिएचीच अडचण समोर येते. पराग पोचवायला खोलीत मधमाशी नाही. मऊ ब्रश प्रत्येक फुलावर गोल फिरवावा लागतो, कारण फळावरचं जे बी फळत नाही त्याच्याभोवतीचा गर फुगत नाही, आणि स्ट्रॉबेरी त्या बाजूला आत ओढल्यासारखी वाकडी राहते.