कॉल-प्रकार संकेतांक

कॉन्टॅक्ट सेंटरच्या कॉल-नोंदीत प्रत्येक ओळीला दिलेला छोटा आकडा. कॉल बाहेरून आला, इथून बाहेर केला, की दुसरीकडून वळून आला, एवढेच तो सांगतो. ग्राहकाचे काम झाले का, हे त्यात नसते. तरीही रिपोर्ट काढताना त्याच्यावर नेमका तोच भार टाकला जातो.

सिस्कोच्या युनिफाइड कॉन्टॅक्ट सेंटर एक्सप्रेस या प्रणालीत ‘कॉन्टॅक्ट कॉल डिटेल’ नावाचा तक्ता असतो. त्यात प्रकाराच्या रकान्यात 1 म्हणजे बाहेरून आलेला कॉल, 2 म्हणजे बाहेर केलेला, 3 म्हणजे अंतर्गत, 4 म्हणजे रीडायरेक्ट होऊन आलेला आणि 5 म्हणजे ट्रान्सफर होऊन आलेला. पुढचे आकडे आउटबाउंड मोहिमांचे, म्हणजे ग्राहकांना इथून फोन लावण्याच्या मोहिमांचे. प्रिव्ह्यू पद्धतीला, म्हणजे एजंट आधी ग्राहकाची माहिती पाहतो आणि मग फोन लागतो तिला, 6 आहे.

या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक कॉल नव्हे. ओळ असते कॉलच्या एका टप्प्याची, म्हणजे फ्लोअरवरच्या भाषेत एका ‘लेग’ची. समजा, बिलाच्या चौकशीसाठी एका बाईंनी फोन केला. एजंटने बोलून त्यांना कार्ड विभागाच्या क्यूमध्ये, म्हणजे प्रतीक्षा-रांगेत, ट्रान्सफर केले आणि तिथे वाट पाहून कंटाळून त्यांनी फोन ठेवला. तक्त्यात दोन ओळी येतात. सेशन आयडी, म्हणजे पूर्ण कॉलचा ओळख-क्रमांक, दोन्हींचा एकच. पहिलीचा अनुक्रम 0 आणि प्रकार 1, दुसरीचा अनुक्रम 1 आणि प्रकार 5. टप्पा कसा संपला हे सांगणाऱ्या डिस्पोझिशन रकान्यात पहिलीपुढे 2, म्हणजे हाताळलेला. दुसरीपुढे 1, म्हणजे ग्राहकाने मध्येच सोडलेला. नुसत्या ओळी मोजल्या तर दोन कॉल, एक हाताळलेला, एक सुटलेला. फक्त प्रकार 1 च्या ओळी घेतल्या तर एकच कॉल, तोही यशस्वी. प्रत्यक्षात फोन करणारी व्यक्ती एक होती आणि तिचे काम झाले नाही. म्हणून आधी सेशन आयडीने ओळी एकत्र बांधाव्यात, अनुक्रमाने लावाव्यात आणि मगच संकेतांक वाचावेत. प्रकार पाहायचा पहिल्या ओळीचा, शेवट पाहायचा शेवटच्या ओळीचा.

‘हाताळलेला’ या शब्दाचीही खातरजमा करावी लागते. कॉल एजंटला जोडला गेला की तो हाताळलेला ठरतो. पण आयव्हीआरच्या, म्हणजे फोनवर आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्रणेच्या, स्क्रिप्टमध्ये तशी खूण घातली असेल, तर शिल्लक ऐकून फोन ठेवणारा ग्राहकही त्यातच मोजला जातो. हे योग्यच आहे, कारण त्याचे काम झालेले असते. मात्र ती खूण स्क्रिप्टमध्ये फार वर घातली गेली, तर एजंटची वाट पाहत सोडून गेलेले कॉलही हाताळलेले दिसू लागतात. तेव्हा रिपोर्टच्या आधी स्क्रिप्ट उघडून पाहावी. भारतातल्या कॉल सेंटरांत कॉल संपल्यावर एजंट जो शेरा निवडतो त्यालाही ‘डिस्पोझिशन’ म्हणतात. तो माणसाने दिलेला असतो, इथला आकडा यंत्राने. दोन्हींची गल्लत झाली की एजंटच्या कामगिरीचा हिशेब चुकतो आणि त्याची झळ त्याच्या इन्सेंटिव्हला बसते.

एका प्रणालीचा अर्थ दुसरीला लावू नये. वर 2 हा डिस्पोझिशन-आकडा हाताळलेल्या कॉलचा आहे. सिस्कोच्याच मोठ्या, एंटरप्राइझ प्रणालीच्या तपशील-नोंदीत डिस्पोझिशन 2 म्हणजे स्थानिक क्यूत वाट पाहताना सुटलेला कॉल. तिथे हाताळून संपलेल्या कॉलपुढे सहसा 13 दिसतो. जुन्या क्वेरीतला, म्हणजे तक्त्यातून माहिती काढणाऱ्या आज्ञेतला, हा आकडा नव्या प्रणालीच्या क्वेरीत तसाच ठेवला, तर ती बिनतक्रार चालेल आणि सुटलेले कॉल हाताळलेले म्हणून दाखवेल.

वेळेचा रकानाही संकेतांकांबरोबरच वाचावा. एक्सप्रेसच्या तक्त्यात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. पुण्यातल्या रात्रपाळीत 5 तारखेला पहाटे 2:15 वाजता आलेला कॉल 4 तारखेला 20:45 वाजता नोंदलेला सापडतो. ‘5 तारखेचे प्रकार 1 चे कॉल’ अशी गाळणी साडेपाच तास न मिळवता लावली, तर हा कॉल त्या दिवसाच्या मोजणीत येतच नाही.