महोत्सवी वर्ष (बडोदं)

महोत्सवी वर्ष म्हणजे एखाद्या संस्थेला, माणसाला, राज्याला किंवा घटनेला ठरावीक वर्षं झाली की तिच्या आठवणीत जे वर्ष साजरं करतात ते. २५ ला रौप्य, ५० ला सुवर्ण, ६० ला हीरक, ७५ ला अमृत, १०० ला शताब्दी, मग १२५ ला शतकोत्तर रौप्य, म्हणजे वय वाढतं तसं नावही लांबत जातं. घरातल्या माणसाचं असेल तर ६० ला षष्ट्यब्दी आणि ८० च्या पुढे सहस्रचंद्रदर्शन, ते खातं वेगळं. ही नोंद बडोद्यातल्या प्रथेबद्दल आहे (अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा, पण मराठी घरांत बडोदंच म्हणतात). या शहरात महोत्सव म्हणजे नुसती रोषणाई नव्हती, त्या निमित्तानं लोकांच्या हातात काहीतरी पडायचं, आणि आज जे महोत्सव होतात ते बघताना हीच गोष्ट मनात ठेवून बघावं असं मला वाटतं.

वर्षं कुठून मोजायची

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, नाव गोपाळराव. त्यांच्या आधीचे राजे मल्हारराव यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून काढलं आणि खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला या १२ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. पण कारभार लगेच हातात आला नाही, सर टी. माधवराव दिवाण होते, एलियट साहेब शिकवायला होते, आणि पूर्ण अधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ ला. आता झालं काय, की रौप्यमहोत्सव मोजला तो कारभार हाती आल्यापासून, म्हणजे १९०६-०७ ला, आणि सुवर्ण आणि हीरक मोजले ते गादीवर आल्यापासून, म्हणजे १९२५-२६ आणि १९३५-३६ ला. त्यामुळे २५ आणि ५० च्या मध्ये २५ वर्षं नाहीत, फक्त १९ च आहेत. जुने कागद बघताना इथे भलेभले गोंधळतात.

तिथी की तारीख हा दुसरा गोंधळ. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला यावर बडोद्यातली मराठी घरंसुद्धा दोन्हीकडे वाटलेली आहेत, आणि बरीचशी दोन्ही दिवशी हार घालतात. शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली तेव्हाही तसंच, काहींनी २०२३ मध्ये ३५० वं वर्ष लागताना केलं, काहींनी २०२४ ला ते पुरं झाल्यावर.

महाराजांचे महोत्सव आणि काय उरलं

खंडेराव मार्केट बघा. १९०६ मध्ये बांधलेली इमारत, राजवाड्यासारखी दिसते, घुमट, कमानी, सगळं. सयाजीरावांनी ती खंडेराव महाराजांच्या नावानं बांधली आणि कारभाराला २५ वर्षं झाली म्हणून नगरपालिकेला देऊन टाकली. आज तिथे महानगरपालिकेचं मुख्य ऑफिस आहे आणि मागच्या बाजूला भाजी आणि फुलांचा बाजार भरतो. सकाळी ७ ला जा, ओल्या पोत्यावर झेंडूचा ढीग, बाजूला लिली, गुलाब टोपलीत, हार ओवणाऱ्या बायकांच्या हातात मोठी सुई आणि दोरा, बोलणं गुजरातीत चाललंय, मध्येच एखादी मराठी आजी विचारते "कसे दिले", आणि समोरून उत्तर येतं "तमारे माटे वीस". ही जी जागा आहे ना, ती एका रौप्यमहोत्सवाची भेट आहे आणि शंभराहून जास्त वर्षं रोज वापरात आहे. त्या फुलवालीला ते माहीत असायला पाहिजे असं काही नाही, पण आपल्याला माहीत असावं.

त्याच १९०६ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्याला लागू झालं. आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून बघितलं होतं, मग १३ वर्षांनी सगळीकडे. हा काही महोत्सवाचा कार्यक्रम नव्हता, पण महोत्सव आला त्या वर्षी राज्याचं डोकं कुठे होतं ते यातून कळतं.

हीरक महोत्सवाला, १९३६ मध्ये, महाराजांनी एक कोटी रुपयांचा निधी खेड्यातल्या गरीब माणसांच्या सुधारणेसाठी काढून ठेवला. एक कोटी, त्या काळातले. त्याच सुमाराला कीर्तिमंदिर उभं राहिलं, गायकवाड घराण्याचं स्मारक, आणि त्याच्या आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा अशी चित्रं काढली. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत गेले, म्हणजे ती चित्रं पुरी झालेली त्यांनी बघितलीच नाहीत.

बँक, विद्यापीठ आणि वर्धापनदिन

बँक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ ला सुरू झाली, १० लाखांच्या भांडवलावर. बडोद्यातल्या निदान दोन पिढ्यांतल्या मराठी घरांत कोणी ना कोणी या बँकेत होतं, आणि २० जुलै हा त्या घरांत अर्धा सणच. १९६९ मध्ये सरकारीकरण झालं ते १९ जुलैला, म्हणजे बँकेच्या ६१ व्या वर्धापनदिनाच्या बरोबर आदल्या दिवशी. पुढे १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक यात विलीन झाल्या. याची एक बाजू कोणी फार बोलत नाही. विजया बँक १९३१ ची, तिची शताब्दी २०३१ ला आली असती, पण बँकच वेगळी उरली नाही तर शताब्दी कोणाची करायची? विलीनीकरण झालं की शाखा, खाती, कर्मचारी सगळे नव्या घरात जातात, वाढदिवस मात्र जुन्या घरातच राहून जातो. ज्यांनी तिथे ३० वर्षं काढली त्यांना हे लागतं, आणि ते लागणं खरं आहे.

विद्यापीठाचं बरं आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ चं, आणि १ मे १९४९ ला बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे राज्य संपायच्या आदल्या दिवशी विद्यापीठ सुरू झालं. २०२४ ला त्याला ७५ वर्षं झाली. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, ज्यांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं "सर्व पुरुष" काढून "सर्व माणसं" करायला लावलं. विद्यापीठाच्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथे बसायला जागा मिळत नाही.

लोकांनी स्वतः ठेवलेला दिवस

वरचे सगळे दिवस राज्यानं, बँकेनं किंवा विद्यापीठानं ठरवलेले. २३ सप्टेंबर तसा नाही, म्हणून तो या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचा.

डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा राज्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार असा की परत येऊन राज्याची नोकरी करायची. ते सप्टेंबर १९१७ मध्ये आले, मोठ्या हुद्द्यावर, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून थोडे दिवस राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फाइली लांबून टाकायचे. शेवटी कमाटीबागेत एका झाडाखाली बसले आणि तिथेच आपल्या अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी आयुष्य द्यायचं ठरवलं, तो दिवस २३ सप्टेंबर १९१७ असा धरतात. ज्या राजानं शिकायला पैसे दिले त्याच्याच शहरात हे झालं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

ती जागा आता संकल्पभूमी. दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे माणसं येतात, गुजरातच्या गावागावातून आणि महाराष्ट्रातूनही, पांढरे कपडे, हातात निळे झेंडे, मुलं खांद्यावर, भाकरीचे डबे बरोबर. २०१७ ला शंभर वर्षं झाली. त्या दिवशी बागेजवळ पुस्तकांचे, फोटोंचे स्टॉल लागतात, आणि माझा अनुभव असा की तिथे पुस्तकाच्या स्टॉलवर खाण्याच्या स्टॉलइतकीच गर्दी असते. दुसऱ्या कुठल्या जयंतीला मी हे बघितलं नाही.

आताचे महोत्सव आणि त्यांचं अर्थकारण

१२ मार्च २०२१ ला साबरमतीहून "आझादी का अमृत महोत्सव" सुरू झाला आणि तिथून पुढे "अमृत" हा शब्द सगळीकडे लागायला लागला, तलावाला, स्टेशनला, काळालासुद्धा. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली आणि मशीनवर बनलेला, पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. त्याआधी हातानं कातलेलं, हातानं विणलेलं कापड लागायचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला तेव्हा एवढे झेंडे खादीतून मिळणं शक्यच नव्हतं, सुरतच्या कापडवाल्यांना भरपूर काम मिळालं हेही खरं, पण चरख्यावरच्या माणसाचं जे एक राखीव काम होतं ते गेलं. एका वर्षगाठीनं एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात पैसा कसा सरकतो त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

शहराचा पैसाही आता दुसरीकडून येतो. २८ ऑक्टोबर २०२४ ला टाटा आणि एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, आपले आणि स्पेनचे पंतप्रधान आले होते, ५६ पैकी ४० विमानं इथे बनणार. पाहुण्यांना नेलं कुठे तर लक्ष्मीविलास पॅलेसला, जो १८९० चा. म्हणजे नव्या कारखान्याला शोभा जुन्या राजवाड्याची, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, राजवाडा बंद करून ठेवण्यापेक्षा हे चांगलं. नोकऱ्या मात्र इंजिनियर पोरांना मिळतील तेव्हा खऱ्या, सध्या दांडिया बाजार, रावपुरा, शियाबागकडच्या घरांत बहुतेक मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर कॅनडाला, आणि वाडे पाडून फ्लॅट होतायत.

याचा परिणाम महोत्सवांवर सरळ दिसतो. मराठी मंडळांचा अमृत महोत्सव असतो, कमिटीत सगळे साठीच्या पुढचे, व्याख्यानाला समोर तेच, फोटोतही तेच. ढोलताशा, नऊवारी, फेटे यांना मात्र तरुण मुलं येतात, आणि फेटा बांधणारा, नऊवारी भाड्यानं देणारी, ढोल पुरवणारा अशी एक नवी छोटी कमाई उभी राहिली आहे. फेटा बांधणाऱ्याला मोसमात दिवसात चार-पाच ऑर्डर असतात, कापड पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन स्कूटरवर फिरतो.

फेब्रुवारी २०१८ चं ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्याला झालं. १९०९, १९२१ आणि १९३४ नंतर ८४ वर्षांनी. मांडवात गुजराती शेजारीही आले होते, आणि पुस्तकं घेणाऱ्यांत घरी मराठी बोलणारे पण वाचायला अडखळणारे बरेच होते, ते मुलांसाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं शोधत होते.

स्मरणिका

महोत्सवाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी लक्षात घेतलेला भाग म्हणजे स्मरणिका. आमच्या घरी स्टीलच्या कपाटात वरच्या खणात पंधरा-वीस आहेत, कव्हर गुळगुळीत, आतला कागद पिवळा. पहिल्या पानावर गणपती, मग अध्यक्षांचं मनोगत, मान्यवरांचे संदेश, आणि मग निम्मं पुस्तक जाहिराती. मी आधी हा भाग उलटून टाकायचो. आता तोच वाचतो, कारण शहर तिथे आहे. सायकलचं दुकान, शाईचं पेन दुरुस्त करणारा, टायपिंग क्लास, लग्नाची भांडी भाड्यानं, एसटीडी पीसीओ, मग अचानक कॉम्प्युटर क्लास, मग आयईएल्ट्सचे क्लास आणि व्हिसा कन्सल्टंट. पानभर जाहिरात कोणाची, पाव पान कोणाचं, आणि खाली नुसतंच "एक हितचिंतक" लिहून पैसे देणारा कोण, हे बघितलं की त्या त्या काळात बडोद्यात पैसा कुठे होता ते कळतं.

आता स्मरणिका पीडीएफ असते, ग्रुपवर येते, छपाईचा खर्च वाचतो म्हणून कमिटी खूश असते. पण दुकानदार पीडीएफमधल्या जाहिरातीला पैसे देत नाही, तो बॅनरला देतो, आणि बॅनर तीन दिवसांत उतरतो. २०४९ ला विद्यापीठाची शताब्दी येईल तेव्हा २०२४ चे जाहिरातदार कोण होते ते बघायला कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये शोधावं लागेल. ज्यांच्या घरी छापील प्रती आहेत त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत, निदान स्कॅन करून, तारीख लिहून ठेवाव्यात, जाहिरातींच्या पानांसकट.