लिंबाने न मरणारी अळी

ईशान्य थायलंडमध्ये खोन केन प्रांतात लावा नावाचं गोड्या पाण्याचं तळं आहे. काठच्या गावांत त्यातले छोटे मासे कच्चेच बारीक चिरून, लिंबू पिळून, मिरची-पुदिना घालून खायची जुनी रीत आहे. पदार्थाचं नाव ‘कोई प्ला’. लिंबाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं. पण त्यात दडलेल्या ‘ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी’ या चपट्या कृमीच्या अळीला त्याने काही होत नाही.

प्रयोगशाळेत ही अळी शोधतात तेव्हा माशाचं मांस आम्ल आणि पेप्सिनच्या द्रावणात, म्हणजे जवळजवळ जठररसातच, विरघळवतात. मांस जातं, अळ्यांचे कोष शाबूत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा लंबगोल कोष दिसतो. आत वळवळणारी अळी, तिची दोन चूषकं आणि एक ठळक काळा ठिपका. जठरातून जी सुखरूप निसटते, तिला लिंबू काय करणार?

पुढे लहान आतड्यात कोष फुटतो आणि अळी पित्तनलिकेत चढते. तिथे कृमी दहा-दहा वर्षं जगतो. नलिकेला सतत सूज राहते आणि काही जणांना पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली या कृमीला कर्करोगकारक ठरवलं. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण ईशान्य थायलंडमध्ये जगात सर्वाधिक आहे.

कृमीची अंडी विष्ठेवाटे पाण्यात जातात, बिथिनिया जातीची गोगलगाय ती खाते, तिच्या अंगात अळ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते आणि बाहेर पडलेल्या अळ्या कार्प कुळातल्या माशांच्या त्वचेतून आत घुसतात. मासा वरून अगदी ठणठणीत दिसतो.

प्राझिक्वांटेल या औषधाने कृमी मरतो, पण पुन्हा कच्चा मासा खाल्ला की पुन्हा लागण. मला वाटतं, इथे लोकांच्या जिभेला दोष देऊन भागत नाही. आजीच्या हातची चव कुणी पत्रक वाचून सोडत नाही. खोन केन विद्यापीठाच्या बान्चोब श्रीपा आणि सहकाऱ्यांनी म्हणूनच सगळ्या साखळीलाच हात घातला. औषधाबरोबर गावातले आरोग्य स्वयंसेवक घरोघरी फिरले, शाळांत मुलांना मासा शिजवून खाण्याचं महत्त्व शिकवलं गेलं. कच्च्या माशांचे उरलेले तुकडे खाणाऱ्या कुत्र्यामांजरांतही हा कृमी वाढतो, त्यामुळे त्यांच्याकडेही लक्ष दिलं. काही गावांत निम्म्याहून अधिक लोकांना असलेली लागण काही वर्षांत दहा टक्क्यांच्या खाली आली. माणसांबरोबर तळ्यातले मासे आणि गोगलगायीही तपासल्या जातात, कारण पाण्यात अळ्या उरल्या आहेत की नाहीत, ते तिथेच कळतं.